भोंगा गप्प, दिवा चालू

एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला विचारलं, “तुम्ही नोकरी करता का?” मी म्हटलं, “हो. फायर अलार्मच्या पॅनेलचं प्रोग्रामिंग करते.” त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “अच्छा, म्हणजे शाळा सकाळची असेल.” नोकरी करणारी बाई म्हणजे शिक्षिका, हे त्यांचं पक्कं होतं. मीही ते मोडलं नाही. म्हटलं, “हो, सकाळचीच.” मग त्यांनी नातवाच्या प्रवेशाचं काढलं. मी म्हटलं, बघते. तो नातू अजून माझ्या वशिल्याची वाट बघत असेल.

आता मी एकसष्ट वर्षांची आहे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नक्की काय करत होते ते एकदा सरळ सांगून टाकते. हसण्यासारखं आहे ते आधी सांगते. उरलेलं नंतर. खरं तर ते उरलेलंच सांगायला बसले आहे.

मोठ्या हॉटेलात, कारखान्यात शिरलात की वॉचमनच्या खोलीत भिंतीवर एक लाल पेटी दिसते. ते पॅनेल. छतावर वाट्या पालथ्या घातल्यासारखे दिसतात ते डिटेक्टर. त्यांना धूर कळला की ते पॅनेलला कळवतात. आणि भिंतीवर भोंगे असतात. भोंग्याच्याच अंगावर लख्ख चमकणारा एक दिवा असतो, त्याला आम्ही स्ट्रोब म्हणतो. कुठल्या डिटेक्टरने कळवलं तर कुठले भोंगे वाजवायचे, कुठला पंखा बंद करायचा, कुठलं दार उघडायचं, हे पॅनेलला आधी कोणीतरी शिकवून ठेवावं लागतं. लॅपटॉपची वायर पेटीला जोडून शिकवणारी ती कोणीतरी म्हणजे मी. उरणजवळच्या भातशेतीवाल्या घरातली पोरगी, आयटीआय केलेली, आणि अख्ख्या अलिबाग तालुक्यात हे काम करणारी एकटी बाई. असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. कोणी विचारलेलं नसायचं.

भोंगा कसाही बोंबलत नाही. तीन हाका, मग दम. परत तीन हाका, मग दम. तो ताल ऐकला की माणसाला कळावं, ही गाडी नाही, शिफ्टची घंटा नाही, ही आग आहे. आता एका हॉलमध्ये आठ भोंगे असतील आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने दम घेत असेल, तर एकाच्या दमात दुसऱ्याची हाक भरते आणि नुसता कलकलाट होतो. दिव्यांचं त्याहून वाईट. सगळे एकदम चमकले तर सेकंदाला एक लख्ख चमक. मागेपुढे चमकले तर डोळ्यांपुढे नुसती थरथर, आणि ज्याला फिट येते त्याला त्या थरथरीनेच फिट येऊ शकते. म्हणून पॅनेल भोंग्याच्या दोन वायरींतूनच दर सेकंदाला एक बारीकसा झटका पाठवतं. तो लागला की सगळ्यांनी एकदम. गणपतीतला बाल्या नाच बघितला असेल तर कळेल. वीस जणांचे चाळ एका ठोक्याला वाजतात तोवर नाच, एकाचा पाय चुकला की नुसते घाम आलेले वीस बाप्ये.

हा ताल बसवणं मला यायचं, आणि येतं हे मला फार ठाऊक होतं. साइटवर जाताना मी डोळ्यांवर काळा गॉगल, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि पायात एक नंबर मोठे सेफ्टी शूज घालायची. माझ्या मापाचे कंपनीत नसायचे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. चालताना बदक दिसत असणार. मला वाटायचं इन्स्पेक्टर दिसते. गिऱ्हाइकाला दाखवायची वेळ आली की मी पॅनेलकडे पाठ करून उभी राहायची आणि दिव्यांबरोबर बरोब्बर चुटक्या वाजवायची. आमचे वायरमन रघुनाथदादा वयाने आणि अकलेने माझ्याहून मोठे. ते हळूच म्हणायचे, “मॅडम, चुटक्या नका वाजवू. लोकांना वाटंल पॅनेल लावायची गरजच न्हाय, बाई ठेवली की झालं.”

नागावच्या एका नव्या हॉटेलने माझा माज पहिल्यांदा उतरवला. मालकाने अर्धे स्ट्रोब आमच्याकडून घेतले आणि अर्धे कुठून तरी दुसऱ्याच कंपनीचे आणून परस्पर भिंतीला मारले. एका कंपनीचा झटका दुसऱ्या कंपनीच्या दिव्याला कळत नाही. दोघांचं गोत्रच वेगळं. मला दिसलं होतं. पण उद्घाटनाचा दिवस, पाहुणे जमलेले, कोळंबी तळल्याचा वास सुटलेला. मी म्हटलं, जमेल, आणि बटण दाबलं. अर्धे दिवे एका तालात, अर्धे दुसऱ्याच. पुण्याहून आलेली मंडळी उठून नाचायलाच लागली. त्यांना वाटलं डीजेवाला आला. मालक हात जोडून सांगतोय, “अहो, बाहेर जा, आग लागलीय असं समजा!” आणि ते म्हणतायत, “आवाज वाढव!” मीही हसत होते. मग कोपऱ्यातल्या टेबलावरची सातआठ वर्षांची मुलगी खुर्चीवरून खाली घसरली. हातपाय वाकडे, डोळे वर. पाच मिनिटांत सावरली, पण तिच्या आईने माझ्याकडे जे बघितलं ते आठवून त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे परके दिवे काढून टाकले. त्या दिवसापासून मी एक गोष्ट सगळ्यांना शिकवायला लागले: या दिव्याशी खेळायचं नाही, तो कोणाच्या तरी जिवाशी बांधलेला असतो. प्रत्येक साइटवर भाषण. भाषण मला पाठ झालं. पाठ झालेल्या गोष्टीचा पुढे किती उपयोग होतो ते आता सांगते.

चौदा वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. कोळंबी सोलायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची. सोलायच्या शेडमध्ये लांबच लांब स्टीलची टेबलं, त्यावर बर्फाचा ढीग, दोन्ही बाजूंना आसपासच्या गावांतल्या बायका: डोक्याला पांढऱ्या टोप्या, पायात रबरी बूट. मागे कॉम्प्रेसरची एवढी घरघर की शेजारणीशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. म्हणून त्या शेडमध्ये प्रत्येक भिंतीवर स्ट्रोब हवे होते.

दुसरं कारण चंद्रा होती. वय बावीस, जन्मापासून बहिरी. सगळे तिला मुकी म्हणायचे. तिच्या शेजारी तिची थोरली बहीण सुगंधा उभी असायची. सुपरवायझरने काही सांगितलं की सुगंधा कोपराने ढोसायची आणि हाताने सांगायची. त्यांच्या घरातली भाषा, बोटांची. शेडमध्ये सगळ्यात वेगाने कोळंबी सोलायची ती चंद्राच.

पहिल्यांदा दिवे लावून बघितले तेव्हा बाकीच्या बायका भोंग्याने दचकल्या. चंद्राने मान वर केली आणि दिव्याकडे बघत राहिली. मग कोळंबीच्या हाताने दिव्याकडे बोट केलं, मग आपल्या छातीकडे.

“काय म्हणते?” मी सुगंधाला विचारलं.

“म्हणतेय, ह्यो माझा. भोंगा तुमचा, दिवा माझा.”

मला काय आनंद झाला! मी लगेच माझं भाषण काढलं. सुगंधाला म्हटलं, तिला नीट सांग. दिवा चमकला की हातातलं टाकून बाहेर, पटांगणात. आणि तो चमकतोय तोवर आत यायचं नाही, कोणी बोलावलं तरी. सुगंधाने सांगितलं. चंद्राने ते माझ्यापुढे हातांनी परत करून दाखवलं. मूठ उघड-मीट म्हणजे दिवा. दोन बोटं चालत बाहेर. मूठ मिटली की बोटं चालत आत. मी म्हटलं, “हुशार आहे!” आणि चुटकी वाजवली.

आता पॅनेलमधली एक ओळ समजावून सांगते. पुढचं सगळं त्या एका ओळीवर आहे. भोंगे वाजायला लागले की वॉचमनला तपासायला जायचं असतं, फोन करायचे असतात. त्या कलकलाटात काही सुचत नाही. म्हणून पॅनेलवर सायलेन्सचं बटण असतं. ते दाबलं की काय व्हावं, हे प्रोग्राममध्ये एका ओळीत निवडावं लागतं. एक पर्याय: भोंगा आणि दिवा दोन्ही बंद. दुसरा पर्याय: भोंगा गप्प, दिवा चालू. मग सगळं तपासून पॅनेल पूर्ववत करेपर्यंत दिवे चमकत राहतात. मी दुसरा पर्याय निवडला होता. अर्थातच. माझ्या भाषणात तो होताच.

पण कोळंबी उकडायच्या खोलीची वाफ शेडमध्ये यायची आणि डिटेक्टरला वाफ आणि धूर यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. आठवड्यातून दोनतीनदा खोटा अलार्म. वॉचमन गोमाकाका हे तिथलेच, आधी होडीवर जाणारे, गुडघे गेल्यावर वॉचमन झालेले. त्यांनी स्वतःची पद्धत बसवली: आधी सायलेन्स दाबायचं, मग बघायला जायचं. सगळीकडचे वॉचमन हेच करतात. मी तर सांगायची की हे चुकीचं नाही, दिवे चालू असतात ना, मग हरकत नाही.

दोन महिन्यांनी मॅनेजरचा फोन आला. “मॅडम, वो लाइट का कुछ करो ना. भोंगा बंद होतो, पण लाइट बंदच होत नाही. बायका बाहेर उभ्या राहतात, बर्फ वितळतो, माल खराब होतो. पार्टी येणार आहे परदेशातून. लाइट बघून विचारतील, व्हॉट इज दिस.”

मी म्हटलं, ते तसंच असायला हवं.

“अरे मॅडम, आप तो एक्स्पर्ट हो. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम.”

एक्स्पर्ट म्हटलं की तेव्हाच्या मला काहीही करायला लावता यायचं. विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी पाणी किती ते विचारलं नसतं, गॉगल सांभाळला असता. दुसऱ्या दिवशी गेले. वॉचमनच्या खोलीत लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली, दुसऱ्या पर्यायावरून पहिल्यावर आणली, पॅनेलमध्ये उतरवली. पाच मिनिटंही लागली नाहीत. फाइलच्या नावात माझी आद्याक्षरं घातली. मोठी इंग्रजी, नेहमीसारखी.

रघुनाथदादा दारात उभे होते. म्हणाले, “मॅडम, आणि त्या मुक्या पोरीचं काय?”

मी लॅपटॉप मिटत म्हटलं, “बहीण असते ना शेजारी. बाकीच्या चाळीस बायका आहेत हात धरायला.”

रघुनाथदादा पक्कड खिशात घालून बाहेर गेले. अजून काही बोलले असते तर बरं झालं असतं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मी ऐकलं नसतं.

मॅनेजरने चहा मागवला, वर पिशवीभर कोळंबी दिली. मी ती घरी नेली, भुजणं केलं, सगळ्यांनी बोटं चाटली.

तेव्हापासून शेडमध्ये नवी सवय लागली. अलार्म झाला की बायका बाहेर. गोमाकाका सायलेन्स दाबणार. भोंगा बंद, दिवा बंद, सगळ्या आत. चंद्राही. तिला तर कोणी सांगावंही लागत नसे. मूठ मिटली की बोटं आत. मीच शिकवलेलं.

आग लागली ती सकाळी अकराच्या सुमाराला. शीतगृहाच्या भिंतीला वेल्डिंग चाललं होतं. त्या भिंतींच्या पोटात फोम असतो, त्याने पेट घेतला. फोमची आग आधी दिसत नाही, धूर दिसतो, काळा आणि विषारी. मी तिथे नव्हते. जे कळलं ते नंतर आलेल्या माणसांकडून, आणि पॅनेलकडून. पॅनेल सगळं वेळेसकट लक्षात ठेवतं. ती पट्टी मी स्वतः छापून काढली. अकरा सहा: अलार्म, भोंगे आणि दिवे चालू. अकरा आठ: सायलेन्स. भोंगे आणि दिवे बंद.

मधल्या दोन मिनिटांत सगळ्या बायका पटांगणात आल्या होत्या. चंद्राही. गावात हळद होती म्हणून निम्मी शेड रिकामी. सुगंधाही हळदीला गेलेली. गोमाकाकांनी सवयीने बटण दाबलं आणि बघायला निघाले. पटांगणातून शेडच्या खिडकीतला दिवा दिसायचा. तो थांबला. भोंगा थांबला तरी बाकीच्या बायका थांबून राहिल्या, कारण मागच्या बाजूने वेल्डरची आरडाओरड ऐकू येत होती. चंद्राने फक्त दिवा बघितला. ती वळली आणि बाजूच्या दाराने आत गेली, आपल्या टेबलाकडे.

एक बाई मला नंतर सांगत होती, “आमी सगल्या वराडलो गो, बाय. चंद्रे, नको जाऊ, चंद्रे! तिच्या पाठीवर वराडत व्हतो.” मग ती स्वतःच थांबली. आपण काय बोललो ते तिला कळलं.

धूर शेडमध्ये वरून खाली उतरत होता. गोमाकाकांनी गोणपाट भिजवून तोंडाला बांधलं आणि ते आत गेले. ज्या हाताने बटण दाबलं त्याच हाताने त्यांनी तिला ओढत बाहेर काढलं. ती जगली. छाती मात्र गेली. दहा पावलं चालली की उभं राहायचं, थंडीत खोलीतून बाहेर पडायचं नाही. कोळंबीचं काम संपलं.

चार दिवसांनी चौकशीला एक साहेब आले. सभ्य माणूस. पट्टी बघितली. मला विचारलं, “यंत्रणा व्यवस्थित चालली?”

“हो.”

“जशी प्रोग्राम केली होती तशीच?”

“तशीच.”

“मग ती मुलगी परत आत का गेली?”

मी म्हटलं, “ते मला कसं सांगता येईल?”

सही केली. कागदावर लिहिलं गेलं की कामगार स्वतःहून परत आत गेली. प्रत्येक शब्द खरा होता. ती ओळ कोणी विचारली नाही, आणि माझी आद्याक्षरं लिहिलेली फाइल कोणी उघडली नाही. आठवडाभराने देखभालीचं निमित्त काढून मी गेले आणि ती ओळ परत दुसऱ्या पर्यायावर आणली. पुढच्या सहा महिन्यांत श्रीवर्धनपासून उरणपर्यंत आमच्या सगळ्या साइट्स फिरले आणि जिथे जिथे ती ओळ चुकीची होती तिथे बदलली. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, बाई किती कर्तव्यदक्ष. मला त्या वर्षी शाल मिळाली. ती मी घेतली. गॉगलही सोडला नाही. चुटक्या तेवढ्या बंद झाल्या. रघुनाथदादांनी त्या का बंद झाल्या हे एकदाही विचारलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले.

चंद्राला भेटायला मी गेले नाही. आधी म्हणायची, जखम ताजी आहे. मग म्हणायची, आता ती विसरली असेल. दोन्हींच्या मध्ये एखादा दिवस बरोबर असावा, तो मला सापडला नाही.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, आमच्या दारावर मासे घेऊन येणारी कोळीण बदलली. नवी आली ती सुगंधा. मी ओळखलं, तिने मला नाही. गॉगल नव्हता, केस पांढरे. टोपली उतरवून देताना मी मुद्दाम विचारलं, घरी कोण कोण?

“म्हातारी गेली दोन वर्सांमागं. मी, माझा नवरा, पोरं. आन् भैन हाय माझी, मुकी. लगीन न्हाय झालं तिचं.”

“का?”

“ठरला व्हता गो. थल गावच्या बाजूचा पोरगा, होडी हाय त्यांची. मुकी चालंल म्हनाले. मंग ती कंपनीत आगीत परत गेली ना, तवा ते म्हनाले, मुकी चालंल, येडी न्हाय चालायची. आगीत कोन जातं का आपल्या पायानं? आमची आयपन मरेस्तवर तिला येडीच म्हनायची.” सुगंधाने पापलेटाचं डोकं छाटलं. “पन चूक माझीच हाय. मी हलदीला नाचाया गेली. न्हायतर हात धरला असता.”

मी पैसे काढले. दोन पापलेटं घेतली. दुसऱ्या दिवशी सुरमई घेतली, तिसऱ्या दिवशी परत पापलेट. तीन आठवडे मी रोज मासे घेत होते आणि रोज सांगायचं ठरवत होते. शेवटी सून म्हणाली, “आई, फ्रीजमध्ये दही ठेवायला जागा नाही. तुमचं त्या कोळणीशी काय आहे ते एकदा मिटवून टाका.” नात म्हणाली, “आजीला कोळीण व्हायचंय.”

माझ्याकडे जुनी एक डेमोची पेटी आहे. सुटकेसमध्ये छोटं पॅनेल, एक भोंगा, दोन स्ट्रोब, आतच बॅटऱ्या. गिऱ्हाइकांपुढे मिरवायला वापरायची. ती उचलली आणि एका दुपारी कोळीवाड्यात गेले.

चंद्रा ओटीवर बसून जाळं विणत होती. पस्तीस-छत्तीसची बाई, पण हाडं मोजता येतील अशी, आणि दर श्वासाला खांदे वर जायचे. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. सुगंधा म्हणाली, “अगो, रोज मासे घेनारी आजी? तू कशाला आलीस?”

मी काही उत्तर न देता पेटी उघडली, भोंग्याची वायर काढून ठेवली आणि दिवा लावला.

चंद्राच्या हातातली सुई थांबली. तिने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं तेव्हाच तिने ओळखलं. तिने मूठ उघडून मिटली, दोन बोटं चालवत बाहेर नेली. विसरलेली नव्हती.

मी सायलेन्स दाबलं. दोन्ही दिवे थांबले. तिची बोटं आपोआप आत चालत आली, आणि मध्येच थांबली.

मग मी लॅपटॉप जोडला, ती ओळ बदलली, परत दिवे लावले आणि परत सायलेन्स दाबलं. दिवे चमकतच राहिले. मी तिला ते बटण दाखवलं, दिवा दाखवला. सुगंधाला म्हटलं, “तिला सांग, दिवा असा चमकत राहायला हवा होता. आग विझेपर्यंत. तसाच होता आधी. नंतर कोणीतरी बदलला.”

सुगंधा हात हलवत होती आणि माझ्याकडे बघत होती. चंद्राने काहीतरी विचारलं. सुगंधाने ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी स्वतःकडे बोट केलं.

 दिवे चमकत होते. सुगंधा ओटीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “माझ्या म्होरं बसून मासे घेत व्हतीस रोज.” एवढंच. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

चंद्रा मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती पेटीकडे सरकली. स्वतःच्या बोटाने तिने बटण दाबलं, दिवा चालू राहिला. परत दाबलं. मग तिने सुगंधाचा खांदा हलवला आणि हातांनी काहीतरी सांगितलं, लांबलचक, मध्ये दम घेत. सुगंधा रडायला लागली होती, तिला धड सांगता येईना.

“काय म्हणते?”

“म्हनतेय... म्हंजे मी बरोबर वागली. दिवा थांबला, मी आत गेली. तू शिकवलंस तसंच केलं.”

“हो,” मी म्हटलं. “अगदी तसंच.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. चौदा वर्षं तयार केलेलं भाषण होतं, मला भाषणं पाठ असतात. तिने हात वर करून मला थांबवलं. उठली, दाराचा खांब धरून उभी राहिली, आणि शेजारच्या घराकडे बघत घशातून एक हाक काढली. शेजारीण बाहेर आली. चंद्राने तिला ओढून पेटीपुढे बसवलं आणि मला खूण केली: कर.

मी केलं. दिवा, बटण, ओळ, बटण. आणि शेवटी स्वतःकडे बोट. शेजारणीने चंद्राकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “अगो बाय.” चंद्राने पुढच्या घरातल्या म्हातारीला आणलं. परत केलं. मग पाण्याला गेलेल्या दोघी आल्या. परत. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघत नसायची, समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत असायची, तिला कळलं की नाही ते. आणि प्रत्येक वेळी, शेवटी, माझं बोट माझ्या छातीवर यायच्या आधी मी जरा थांबले तर ती मला कोपराने ढोसायची.

सहाव्यांदा दिवे मिणमिणले आणि गेले. बॅटऱ्या जुन्या होत्या. मी पेटी मिटायला लागले. चंद्राने झाकणावर हात ठेवला आणि खाडीकडे बोट करून काहीतरी सांगितलं.

सुगंधाने डोळे पुसले. पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली. “म्हनतेय, उद्या सकाली होड्या लागतील. बाप्ये येतील सगले. त्या थलच्या पोराच्या होडीवरचे पन येतात हितं मासली द्यायला. तवा ये. आन् बॅटरी मोठी आन.”

मी घरी गेले. नव्या बॅटऱ्या विकत आणल्या आणि रात्रभर चार्जिंगला लावल्या. सकाळी सात वाजता, एक नंबर मोठे शूज न घालता, चपलेवर, मी कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभी होते. चंद्रा आधीच येऊन बसली होती. घरापासून तिथपर्यंत ती किती वेळा थांबली असेल कोण जाणे. पहिली होडी लागली तसं तिने मला कोपराने ढोसलं.